व्हाइट ओलेडमध्ये तयार झालेला प्रकाश जातो कुठे?

व्हाइट ओलेडच्या, म्हणजे ऑरगॅनिक पदार्थांच्या पातळ थरांतून पांढरा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या, एफिशियन्सीचा विषय निघाला की बोलणं लगेच नवीन एमिटर (प्रकाश देणारा मॉलिक्यूल), नवीन होस्ट (एमिटर ज्यात मिसळतात ते मटेरियल), नवीन मॉलिक्यूल याच्यावर जातं आणि ते साहजिक पण आहे, कारण या फील्डमधले बरेचसे लोक केमिस्ट्रीतून आलेले. पण मला हल्ली सारखं वाटतं की जो प्रकाश आपण आत्ताच तयार करतोय त्याचा हिशोब आधी नीट लावायला हवा. चांगल्या फॉस्फोरेसंट डिव्हाइसमध्ये आत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक फोटॉन तयार होतो, आणि साध्या सपाट काचेवर, काहीच खास न करता, त्यातला साधारण पाचवा हिस्सा हवेत येतो. बाकीचे चार हिस्से आतच फिरून फिरून संपतात. हे एकदा डोक्यात बसलं की मग पुढचे सगळे पेपर वेगळ्या नजरेने वाचले जातात.

थोडं मागे जाऊन सांगतो. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी दोन पातळ ऑरगॅनिक लेयर एकावर एक टाकून १० व्होल्टच्या आत चमकणारा हिरवा डिव्हाइस दाखवला, त्याची एक्स्टर्नल क्वांटम एफिशियन्सी (दर शंभर इलेक्ट्रॉनमागे हवेत आलेले फोटॉन) होती साधारण १ टक्का. आज १ टक्का ऐकून काही वाटत नाही पण तेव्हा ती मोठीच गोष्ट होती, कारण त्याच्या आधी ऑरगॅनिक क्रिस्टलला शंभर शंभर व्होल्ट लावावे लागायचे. मग नव्वदच्या दशकात जपानमध्ये किडो यांच्या ग्रुपने पांढरा ओलेड करून दाखवला. पण तेव्हाचे सगळे एमिटर फ्लुओरेसंट, आणि तिथे स्पिनचा नियम आडवा येत होता.

तो नियम असा की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येऊन जे एक्सायटॉन, म्हणजे एनर्जी धरून बसलेल्या जोड्या, बनतात त्यातले स्पिनच्या जुळणीप्रमाणे २५ टक्के सिंगलेट आणि ७५ टक्के ट्रिपलेट असतात, आणि साध्या फ्लुओरेसंट मॉलिक्यूलमधून फक्त सिंगलेटचाच प्रकाश मिळतो, ट्रिपलेट उष्णतेत जातात. म्हणजे चारातले तीन सुरुवातीलाच गेले. १९९८ मध्ये बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचं कंपाउंड वापरून ट्रिपलेटकडून प्रकाश काढून दाखवला (यालाच फॉस्फोरेसन्स म्हणतात), पाठोपाठ इरिडियमची कंपाउंड आली आणि २००१ पर्यंत आतली एफिशियन्सी जवळजवळ १०० टक्क्यांवर गेली. जड अणूमुळे स्पिन आणि ऑर्बिट एकमेकांत मिसळतात आणि जे ट्रान्झिशन एरवी होऊ नये ते मायक्रोसेकंदात होऊन जातं, एवढीच गोष्ट, पण तिने सगळा खेळ बदलला. २०१२ मध्ये क्यूशू युनिव्हर्सिटीच्या अदाची यांच्या ग्रुपने जड धातू न वापरता हेच दुसऱ्या वाटेने केलं, मॉलिक्यूल असा डिझाइन केला की सिंगलेट आणि ट्रिपलेटमधली गॅप अगदी कमी राहील आणि खोलीच्या तापमानाला ट्रिपलेट परत वर चढून सिंगलेट होईल. त्याला टीएडीएफ (थर्मली अॅक्टिव्हेटेड डिलेड फ्लुओरेसन्स) म्हणतात.

तर तयार होण्याचा प्रश्न, निदान हिरव्या आणि लालसाठी, सुटलेला आहे. मग लुमेन पर वॅटचा (एका वॅट विजेमागे डोळ्याला मिळणाऱ्या प्रकाशाचा) आकडा एवढा कमी का येतो? मी हा हिशोब नेहमी असा मांडतो. समजा एक वॉर्म व्हाइट डिव्हाइस आहे, त्याचा सरासरी फोटॉन साधारण २.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, आणि डिव्हाइस चालतो ३ व्होल्टवर. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक फोटॉन धरला तर १ वॅट वीज आत घातल्यावर आत साधारण ०.७३ वॅट प्रकाश तयार झाला. अशा स्पेक्ट्रमला डोळ्याच्या हिशोबाने एका वॅट प्रकाशाला साधारण ३२० लुमेन धरा, म्हणजे आत तयार झाले जवळपास २३५ लुमेन. आता त्यातले २० टक्के बाहेर आले तर हातात पडले ४७. बाहेर येणारे २० चे ५० टक्के केले, दुसरं काहीही न बदलता, तर झाले ११७. आणि उलट, आउटकपलिंग म्हणजे बाहेर येणारा हिस्सा २० वरच ठेवून व्होल्टेज ३ चं ४ झालं तर ४७ चे ३५ झाले. हे अंदाजी आकडे आहेत पण जगभरातल्या चांगल्या डिव्हाइसचे आकडे घेऊन बघा, याच रेंजमध्ये बसतात. या हिशोबात नवीन एमिटरला जागा कुठे आहे ते बघा, क्वांटम यील्ड (दर शंभर एक्सायटॉनमागे मिळणारे फोटॉन) ९० ची ९५ झाली तर ४७ चे फार तर ५० होतील, बस. बाहेर काढण्याच्या कामात मात्र अडीच पट मोकळी जागा आहे.

बाहेर का येत नाही तर स्नेलचा नियम, शाळेतलाच. ऑरगॅनिक लेयरचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.७ ते १.८, आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक इलेक्ट्रोड) त्याच आसपास किंवा थोडा वर, काचेचा १.५ आणि हवेचा १. ऑरगॅनिकमधून थेट हवेचा विचार केला तर क्रिटिकल अँगल साधारण ३५ अंश येतो, म्हणजे त्या ३५ अंशांच्या शंकूच्या बाहेर जे काही निघालं ते परत आत. काच ते हवा या बाऊंड्रीवर जे अडकतं ते काचेतच इकडून तिकडे आपटत राहतं, त्याला सब्सट्रेट मोड म्हणतात. जे काचेपर्यंत पण पोचत नाही ते ऑरगॅनिक आणि आयटीओच्या शंभर दोनशे नॅनोमीटरच्या पट्टीतच वाहत जातं, तो वेव्हगाइड मोड. आणि तिसरा सगळ्यात वाईट, प्लाझमॉन. मागचा कॅथोड अ‍ॅल्युमिनियमचा किंवा चांदीचा असतो, एमिटर त्याच्या जवळ असला तर मॉलिक्यूल फोटॉन सोडण्याच्या ऐवजी आपली एनर्जी सरळ धातूच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनच्या लाटेला देऊन टाकतो आणि तिथून ती उष्णताच होते.

सब्सट्रेट मोड डोळ्यांनी बघायचा असेल तर काचेची कड बघा. अंधाऱ्या खोलीत चालू डिव्हाइस हातात धरून थोडा तिरका केला की काचेची कड चकचकीत पांढऱ्या रेघेसारखी पेटलेली दिसते, कधीकधी पिक्सेलपेक्षा जास्त डोळ्यात भरते. तो सगळा आपलाच प्रकाश आहे. आणि मग काचेच्या मागे म्हणजे हवेच्या बाजूला इंडेक्स मॅचिंग ऑइलचा एक थेंब टाकून त्यावर काचेचा अर्धगोल हलकेच टेकवायचा. थेंब पसरत पसरत मधली हवा बाहेर ढकलतो, बुडबुडा राहिला असेल तर अर्धगोल थोडा फिरवायचा, आणि ज्या क्षणी काच काचेला नीट चिकटते त्या क्षणी पिक्सेल भिंगातून पाहिल्यासारखा मोठा होतो, अख्खा अर्धगोल उजळतो आणि कडेची रेघ फिकी पडते. करंट तोच, व्होल्टेज तेच. नवीन आलेल्या स्टुडंटला मी सगळ्यात आधी हेच दाखवतो, थिअरी नंतर. कारण एकदा हे बघितलं की प्रकाश आत अडकलाय हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

अर्थात अर्धगोल लावून कोणी दिवा विकणार नाही. पण काच कितपत अडवतेय हे मोजायला तो उत्तम आहे, त्यामुळे पेपरमध्ये नेहमी असतो. त्याच्याऐवजी प्रत्यक्षात मायक्रोलेन्सची शीट चिकटवतात, छोट्या छोट्या घुमटांची रांग, आणि २००२ मध्ये म्योलर आणि फॉरेस्ट यांनी असंच करून साधारण दीडपट प्रकाश बाहेर काढला होता. किंवा नुसती दुधी स्कॅटरिंग फिल्म. याने फक्त काचेतला प्रकाश निघतो हे मात्र लक्षात ठेवायचं, ऑरगॅनिकच्या पट्टीत अडकलेला तो तिथेच.

त्याच्यासाठी आतच काहीतरी करावं लागतं. एक रस्ता म्हणजे काचच बदला, १.८ इंडेक्सची काच घ्या, मग ऑरगॅनिकमधला प्रकाश अडथळ्याशिवाय काचेत येतो आणि काचेतून बाहेर काढायला वरची रचना आहेच. २००९ मध्ये ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या राइनेके, लेओ आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये जो डिव्हाइस छापला तो याच पद्धतीचा, १००० कँडेला पर स्क्वेअर मीटरला (हे ब्राइटनेसचं माप, पुढे नुसतं कँडेला म्हणतो) ९० लुमेन पर वॅट, आणि आउटकपलिंग अजून सुधारलं तर १२४ पर्यंत जायची शक्यता त्यांनी दाखवली. फ्लुओरेसंट ट्यूबच्या ६० ते ७० च्या पुढे व्हाइट ओलेड गेला ही बातमी तेव्हा सगळीकडे होती. मला त्या पेपरमध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, त्यांनी इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट लेयर मुद्दाम जाड केला. एमिटर धातूपासून लांब गेला की प्लाझमॉनला जाणारा हिस्सा झपाट्याने कमी होतो, पण लेयर जाड केला की व्होल्टेज वाढतं, आणि ते वाढू नये म्हणून लेयर डोप केलेला हवा, म्हणजे करंट सहज वाहावा म्हणून त्यात थोडं दुसरं मटेरियल मिसळलेला. म्हणजे ऑप्टिक्सचा प्रश्न सोडवायला इलेक्ट्रिकल डोपिंग लागलं. या फील्डमध्ये असंच होतं, एका टोकाला ओढलं की दुसरं टोक हलतं.

पण हाय इंडेक्स काच महाग असते, आणि मोठ्या साइझमध्ये तर विचारूच नका. म्हणून दुसरा रस्ता, साध्या काचेवर आयटीओच्या खाली एक स्कॅटरिंग लेयर. हाय इंडेक्सच्या रेझिनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मिसळायचे, कोट करायचा, वर गुळगुळीत प्लॅनरायझेशन लेयर, मग आयटीओ. ऐकायला सोपं. करताना त्रास असा की ऑरगॅनिकचा सगळा स्टॅक मिळून शंभर दोनशे नॅनोमीटरचा आणि खाली एखादा कण वर डोकं काढून बसला तर तिथे सरळ शॉर्ट. शिवाय प्रकाश आत जितक्या वेळा आपटतो तितक्या वेळा कॅथोड आणि आयटीओ त्यातला थोडा थोडा खाऊन टाकतात, अ‍ॅल्युमिनियम दरवेळी साधारण दहावा हिस्सा खातो, त्यामुळे स्कॅटरिंग वाढवत गेलं की फायदा एका जागी येऊन थांबतो. तिथे चांदीचा कॅथोड कामाला येतो.

तिसरा रस्ता मला व्यक्तिशः फार देखणा वाटतो. एमिटर मॉलिक्यूल आडवे झोपवायचे. मॉलिक्यूलमधला चार्ज प्रकाश देताना ज्या दिशेला हलतो (त्याला डायपोल म्हणतात) त्याच्या काटकोनात तो जास्त प्रकाश टाकतो, म्हणून डायपोल काचेला समांतर असले की प्रकाश सरळ पुढे येतो आणि प्लाझमॉनला खाऊ कमी मिळतो. हे वेगळी प्रोसेस न करता, फक्त मॉलिक्यूलचा आकार लांबट चपटा ठेवून आणि होस्ट नीट निवडून होतं. इथे मात्र केमिस्ट लोकांचा हात धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि वर मी एमिटरला जागा नाही म्हटलं ते क्वांटम यील्डपुरतं, ओरिएंटेशनच्या बाबतीत एमिटरकडे अजून भरपूर द्यायला आहे.

आता व्होल्टेज. २.७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा निळा फोटॉन (४६० नॅनोमीटर म्हणजे तेवढाच होतो) पाहिजे असेल तर व्होल्टेज साधारण त्याच्या वर ठेवावं लागतं, आणि मग त्याच इलेक्ट्रॉनची एनर्जी शेवटी २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाल फोटॉनमध्ये निघाली तर मधले ०.७ गेले. एकाच स्टॅकमधून पांढरा काढताना हा तोटा बांधलेलाच आहे. वर होस्टचा ट्रिपलेट निळ्या डोपंटपेक्षा (होस्टमध्ये मिसळलेल्या एमिटरपेक्षा) उंच हवा म्हणून होस्टची गॅप अजून मोठी, म्हणजे चार्ज आत ढकलायला अजून व्होल्टेज. यावर एक सुंदर आयडिया २००६ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या ग्रुपमधून आली. निळा फ्लुओरेसंट ठेवा, हिरवा आणि लाल फॉस्फोरेसंट. निळ्याला २५ टक्के सिंगलेट पुरतात कारण पांढऱ्यात निळ्याचा वाटा साधारण तेवढाच लागतो, आणि उरलेले ७५ टक्के ट्रिपलेट, जे जास्त लांब पसरतात, ते मधला छोटा स्पेसर ओलांडून हिरव्या लाल लेयरमध्ये जाऊन प्रकाश देतात. निसर्गाने दिलेली २५-७५ ची वाटणी पांढऱ्याच्या गरजेला अशी फिट बसते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद परत परत वाचला होता.

तो स्पेसर म्हणजे डोकेदुखी पण आहे. दोन ते चार नॅनोमीटरचा लेयर, त्यात एक नॅनोमीटर इकडे तिकडे झालं की रंग बदलतो. व्हॅक्यूम चेंबरमध्ये क्रूसिबल तापवून मटेरियल सेकंदाला एक अँगस्ट्रॉमच्या आसपास बसवत असताना हा लेयर अर्ध्या मिनिटात होऊन जातो, जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलच्या रीडिंगकडे डोळा आणि शटरवर हात ठेवून बसायचं. आणि लालचं डोपिंग तर त्याहून नाजूक. एनर्जी नेहमी खाली घसरते, निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून लालमध्ये, त्यामुळे एकाच लेयरमध्ये सगळं मिसळलं तर लाल अर्ध्या टक्क्याहून कमी ठेवावा लागतो नाहीतर सगळा दिवाच नारिंगी होतो. अर्धा टक्का म्हणजे होस्ट सेकंदाला एक अँगस्ट्रॉम असेल तर लाल ०.००५, एवढं कमी क्रिस्टल नीट वाचूच शकत नाही, मग कोणी प्रीमिक्स करतं, कोणी होस्टचा रेट वाढवतं. लेयर वेगवेगळे ठेवले तर हा त्रास कमी होतो पण मग करंट वाढवला की रिकॉम्बिनेशनची, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल भेटण्याची, जागा सरकते आणि डिम असताना पिवळसर दिसणारा दिवा ब्राइट झाल्यावर निळसर होतो. हे सगळं एफिशियन्सीच्या ग्राफवर दिसत नाही म्हणून मी कुठलाही व्हाइटचा पेपर उघडला की एफिशियन्सीच्या आधी स्पेक्ट्रम वेगवेगळ्या ब्राइटनेसला कसा बदलतो ती फिगर शोधतो.

ट्रान्सपोर्ट लेयर डोप करणे हा व्होल्टेज खाली आणायचा मुख्य उपाय, होलच्या बाजूला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा एफ-फोर-टीसीएनक्यूसारखा अ‍ॅक्सेप्टर, इलेक्ट्रॉनच्या बाजूला लिथियम किंवा सीझियम, मध्ये असं इलेक्ट्रिकल डोपिंग नसलेला एमिटरचा लेयर. याला पीआयएन स्ट्रक्चर म्हणतात आणि लेओ यांच्या ग्रुपने हे काम खूप पुढे नेलं. याने १००० कँडेला ३ व्होल्टच्या आसपास मिळायला लागले. हल्ली एक्सिप्लेक्स होस्ट पण तेवढेच चांगले चालतात, दोन मटेरियल मिसळून त्यांच्यामध्येच एक्सायटेड स्टेट बनते आणि चार्ज आत यायला अडथळाच राहत नाही.

टॅन्डेमबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. दोन डिव्हाइस एकावर एक ठेवले, मध्ये दोन्हींना चार्ज पुरवणारा चार्ज जनरेशन लेयर, तर तेवढ्याच करंटला दुप्पट प्रकाश. कँडेला पर अँपिअर दुप्पट झाले म्हणून लोक खूष होतात. पण व्होल्टेज पण दुप्पट झालं ना. सिंगल डिव्हाइस ६० कँडेला पर अँपिअर आणि ३.२ व्होल्ट असेल तर, प्रकाश लँबर्टियन पसरतो, म्हणजे कुठल्याही अँगलने सारखाच ब्राइट दिसतो, असं धरून, π ने (३.१४) गुणून व्होल्टेजने भागलं की ५९ लुमेन पर वॅट. टॅन्डेम १२० आणि ६.४, परत तेच ५९. उलट चार्ज जनरेशन लेयरमध्ये थोडं व्होल्टेज जास्तीचं पडतं त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमीच. टॅन्डेमचा खरा फायदा आयुष्यात आहे. तेवढ्याच ब्राइटनेसला करंट निम्मा, आणि आयुष्य करंटच्या साधारण दीड ते दोन घाताने बदलतं, म्हणजे जवळपास तीन ते चार पट. शिवाय मोठ्या पॅनेलमध्ये करंट कमी असला की आयटीओमध्ये पडणारं व्होल्टेज कमी, पॅनेलच्या मध्यभागी काळवंडलेलं दिसत नाही. आणि स्टॅक जाड झाला की धुळीच्या कणाने शॉर्ट व्हायची भीती कमी. टीव्हीत म्हणूनच टॅन्डेम आहे. एलजी डिस्प्लेचा ५५ इंची टीव्ही पॅनेल २०१३ मध्ये बाजारात आला तो पांढऱ्या ओलेडवर कलर फिल्टर ठेवूनच, २०२२ मध्ये त्यांनी निळ्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आणला, २०२३ मध्ये मायक्रोलेन्स आत टाकल्या, आणि २०२५ मध्ये दोन निळे, एक लाल, एक हिरवा असा चार स्टॅकचा पॅनेल आला. हा क्रम बघितला की कळतं कंपनीचं लक्ष कुठे कुठे होतं, मटेरियल टिकवणं, प्रकाश बाहेर काढणं, करंट कमी करणं.

घोडं अडतं ते निळ्यापाशी. फॉस्फोरेसंट निळा मिळाला तर २५ टक्क्यांची मर्यादा जाईल हे सगळ्यांना माहीत आहे पण तो टिकत नाही. निळ्या फोटॉनची २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी मॉलिक्यूलवर मायक्रोसेकंदभर बसून राहते, एवढ्या वेळात दुसरा ट्रिपलेट किंवा एखादा चार्ज येऊन धडकला की दोघांची मिळून एनर्जी ५ च्या वर जाते आणि कार्बन नायट्रोजनचा बॉण्ड तुटायला तेवढी खूप झाली. एकदा तुटलेला तुकडा आत राहिला की तो स्वतःच पुढच्या एक्सायटॉनला खातो. फ्लुओरेसंट निळा नॅनोसेकंदात मोकळा होतो म्हणून तो टिकतो. एफिशियन्सीचा रोल-ऑफ (ब्राइटनेस वाढवला की एफिशियन्सी घसरणं) पण याच धडकांमुळे, आणि आयुष्य पण याच धडकांमुळे, म्हणून मला हे दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत. २०१४ मध्ये फॉरेस्ट यांच्या ग्रुपने डोपंटचं प्रमाण लेयरभर सारखं न ठेवता एका बाजूकडून दुसरीकडे कमी करत नेलं, त्यामुळे एक्सायटॉन एका जागी गर्दी न करता पूर्ण जाडीत पसरले, आणि आयुष्य साधारण दहा पट वाढलं. मॉलिक्यूल नवीन नाही, फक्त कुठे किती टाकायचा ते बदललं! आता त्याच ग्रुपकडून प्लाझमॉनचाच उपयोग करून एक्सायटॉन लवकर रिकामा करायचं काम चाललंय, म्हणजे ज्याला आपण इतके दिवस तोटा म्हणत होतो त्यालाच कामाला लावायचं. टीएडीएफ मॉलिक्यूलने ट्रिपलेट गोळा करायचे आणि शेवटी प्रकाश एका झटपट फ्लुओरेसंट डोपंटकडून घ्यायचा ही हायपरफ्लुओरेसन्सची वाट पण याच विचारातली.

मोजण्याबद्दल थोडं, कारण इथे फार ढिलाई चालते. पीक एफिशियन्सी १ किंवा १० कँडेलाला मोजलेली असते, तेवढ्या उजेडात पुस्तक पण वाचता येणार नाही. व्हाइटचा आकडा निदान १००० ला द्यावा आणि लाइटिंग म्हणायचं असेल तर ३००० ला. दुसरं, समोरून एका अँगलला मोजून लँबर्टियन धरून लुमेन काढले तर कॅव्हिटी असलेल्या, म्हणजे आरशांसारख्या थरांमुळे प्रकाश समोरच जास्त टाकणाऱ्या, डिव्हाइसमध्ये आकडा चांगलाच फुगतो, इंटिग्रेटिंग स्फिअरमध्येच (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोळा) मोजायला हवं. आणि स्फिअरमध्ये ठेवताना काचेच्या कडा काळ्या टेपने झाकायच्या, नाहीतर मघाशी सांगितलेली ती कडेची पांढरी रेघ पण हिशोबात येते आणि डिव्हाइस आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. पेपरमध्ये कडा झाकल्याचं लिहिलं नसेल तर मी तो आकडा बाजूला ठेवतो, मग तो कोणाचा का असेना.

पॅनेलमध्ये २०१४ ला कोनिका मिनोल्टाने १३१ लुमेन पर वॅट जाहीर केले होते, १००० कँडेलाला. वरच्या हिशोबात घालून बघितलं तर आत तयार झालेल्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश बाहेर आल्याशिवाय हा आकडा येत नाही. इनऑरगॅनिक एलईडी आता २०० च्या वर सर्रास मिळतात त्यामुळे नुसत्या लुमेनवर ओलेड जिंकणार नाही हे मला मान्य आहे, पण एलईडी हा एक टिपका आहे, त्याच्यावर डिफ्यूझर आणि लाइट गाइड लावून पसरट दिवा केला की तिथे त्याचा पण बराच प्रकाश जातो, ओलेड जन्मापासूनच पसरट आहे. तुलना पूर्ण दिव्याची दिव्याशी करा, चिपची पॅनेलशी नको.

सध्या मी स्वतः ज्याच्या मागे लागलोय ते म्हणजे स्कॅटरिंग लेयरवरचं प्लॅनरायझेशन. रेझिन एकदा कोट करून भागत नाही, दोनदा करावं लागतं, पहिला कोट कणांच्या मधल्या खड्ड्यांत बसतो आणि दुसरा वरचा सपाट करतो. पण दुसरा कोट जाड झाला की कण आयटीओपासून लांब जातात आणि वेव्हगाइडमधल्या प्रकाशाचं शेपूट तिथपर्यंत पोचत नाही, कारण रेझिनचा इंडेक्स ऑरगॅनिकपेक्षा जरासा कमी आहे. इंडेक्स वाढवायला झिर्कोनियाचे अगदी बारीक कण रेझिनमध्येच मिसळून बघायचे आहेत, इतके बारीक की ते स्वतः स्कॅटर करणार नाहीत. आणि ते मिसळल्यावर बेक करताना कोटला तडे जातात का ते पहिलं बघायचं. ज्यांनी हे केलंय त्यांनी बेकिंगचं टेंपरेचर किती हळू चढवलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.